भगवानदादांचा ठेका आणि संस्कृतीचे ठेकेदार

एप्रिल जवळ आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावशाखांच्या आणि त्यांच्या मुंबई शाखांच्या बैठकांत एक विषय हमखास निघतो. जयंतीच्या मिरवणुकीला डीजे लावायचा की नाही? ज्येष्ठांचे म्हणणे असे की, बाबासाहेबांची जयंती ही विचारांची जयंती आहे, तिथे धांगडधिंगा नको. त्या पैशात वाचनालयाची दोन कपाटे भरतील. तरुणांचे म्हणणे असे की, वर्षभर कंपनीत, बोटीवर, मुंबईच्या लोकलमध्ये पिळून निघतो, एक दिवस आमच्या बापाच्या जयंतीला नाचलो तर कुणाचे काय बिघडले? दोन्ही बाजू आमच्याच घरातल्या. म्हणून निकालाची घाई आम्ही करणार नाही. पण या वादात ज्येष्ठांच्या तोंडी जो 'धांगडधिंगा' हा शब्द येतो, तो मूळचा कुणाचा, हे तपासायला हवे. कारण हाच शब्द एकेकाळी एका गिरणी कामगाराच्या पोराच्या तोंडावर फेकला गेला होता. त्या पोराचे नाव भगवान आबाजी पालव. सिनेमावाले त्यांना मास्टर भगवान म्हणत, लोक भगवानदादा म्हणत.

भगवानदादा काही चळवळीचे कार्यकर्ते नव्हते. त्यांना ओढूनताणून आपल्या छावणीत बसविण्याचे आम्हाला कारण नाही. तरीही त्यांची कहाणी आपण वाचावी अशी आहे.

१ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत त्यांचा जन्म झाला. (त्याच वर्षीच्या जुलैत तरुण भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले होते. योगायोगच, पण पुढे न्यूयॉर्कचा विषय निघणार आहे म्हणून सांगून ठेवतो.) वडील कापड गिरणीत कामगार. मुलगा वाढला तो मुंबईत, दादर-परळच्या चाळीत. त्या गिरणगावाला माणसे पुरविण्यात आपला रत्नागिरी जिल्हा आघाडीवर होता, आणि तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे पार मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतचा; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. एकेका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपायची. दिवसा साच्याचा खडखडाट, रात्री भजन, नमन, जाखडी. जाखडीलाच मुंबईकर बाल्या नाच म्हणू लागले, कारण कोकणातून आलेला गडी कानात बाळी घालायचा. त्या नावातही थोडी हेटाळणी आहेच. मध्ये मृदंग आणि झांज घेऊन बसलेले गाणारे, भोवती घुंगरू बांधलेल्या पायांचे रिंगण. आठ-दहा तास यंत्राच्या तालावर हललेले शरीर रात्री स्वतःच्या तालावर हलायचे, एवढाच त्याचा अर्थ.

गिरणगाव म्हणजे कामगार एकजुटीचा स्वर्ग होता असे मात्र कुणी समजू नये. आपल्या माणसांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. जास्त पगार विणाई खात्यात, आपली माणसे रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. याच गल्ल्यांत भगवान पालव नावाचा मुलगा सिनेमाच्या वेडाने झपाटला होता. मजुरी करायची आणि सिनेमा पाहायचा, असा त्याचा दिनक्रम. त्या काळचा सिनेमा मुका होता. मुक्या सिनेमात भाषा लागत नाही, शुद्धलेखन लागत नाही, उच्चारावरून जात ओळखता येत नाही. लागते ते शरीर. गिरणगावाच्या पोराकडे दुसरे भांडवल नव्हतेच.

मूकपटांत किरकोळ कामे करत करत त्यांनी सिनेमाचा सगळा कारभार शिकून घेतला. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर 'बहादूर किसान' हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि पुढची दहा-अकरा वर्षे मारधाडीच्या पटांची रांग लावली. पासष्ट हजार रुपयांत अख्खा चित्रपट! कलावंतांचे जेवणखाण, कपड्यांची आखणी, सगळे स्वतः पाहायचे. हे चित्रपट दिवाणखान्यातल्या लोकांसाठी नव्हते. ते होते पुढच्या बाकांवर बसून शिट्ट्या वाजविणाऱ्या कामगारांसाठी. नायक बहुधा भोळाभाबडा, सगळ्यांनी हसावे असा, आणि शेवटी तोच जिंकायचा. समीक्षकांनी या चित्रपटांची दखल घेतली नाही. समीक्षक बसायचे मागच्या खुर्च्यांत.

याच काळातली एक घटना टाळून पुढे जाता येणार नाही. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्याला अर्धांग झाले, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षे उपचार चालले, पण तो डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून कामे करणारी ही गुणी अभिनेत्री त्यानंतर खाष्ट सासवा रंगवू लागली. तो अपघात होता हे खरे. पण सेटवर पुरुषाचा हात किती जोरात उठतो याचा हिशेब स्त्रीनेच फेडावा, ही रीतही तितकीच खरी. भगवानदादांची थोरवी सांगताना ललिताबाईंचा डोळा विसरणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

१९४२ मध्येच त्यांनी जागृती पिक्चर्स काढले आणि १९४७ साली चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. कामगाराचा पोर स्टुडिओचा मालक झाला. राज कपूर यांनी सल्ला दिला की, मारधाड पुरे झाली, आता सामाजिक चित्रपट काढा. त्यातून १९५१ साली 'अलबेला' आला. गरीब घरातला नाटकवेडा मुलगा, बापाशी भांडून घर सोडतो, रंगमंचावर नाव काढतो. गीता बाली नायिका, नायक स्वतः बुटके, गोल चेहऱ्याचे, पोट सुटू लागलेले भगवानदादा. आणि संगीत त्यांचे मित्र सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर यांचे. भगवानदादांच्या तोंडी आवाजही त्यांचाच, फक्त गायक म्हणून नाव चितळकर.

आता इथे जरा थांबू, कारण आमचा मुद्दा या संगीतात आहे.

'अलबेला'ची गाणी ऐका. त्यात ट्रंपेट आहे, क्लॅरिनेट आहे, सॅक्सोफोन आहे. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो आहे. ही वाद्ये आणि हे ठेके मुंबईत आले कुठून? १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा वाजवू लागला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, जो पुढे १९४५ साली कलकत्त्यात वारला. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हते, ते इथे गोरे साहेब, संस्थानिक आणि शेठ यांना नाचवीत होते. त्यांच्या हाताखाली, त्यांच्या बरोबरीने गोव्याचे वादक तयार झाले. गोव्याच्या चर्चशाळांत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जायची, त्यामुळे कागदावरचे वाचता येत होते. जॅझ म्हणजे कागदाबाहेरचे वाजविणे, ते त्यांनी या काळ्या उस्तादांकडून घेतले. त्यातलाच एक हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. जन्म १९१६. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री ताजमध्ये ट्रंपेट, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. सी. रामचंद्रांचा तो उजवा हात होता. 'अलबेला'त तर तो आपल्या ताफ्यासकट पडद्यावरच दिसतो.

म्हणजे पाहा, क्युबा, ब्राझील आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या लेकरांनी जन्माला घातलेले ठेके. ते उचलले गोव्याच्या वादकाने. रचले पुणतांब्याच्या संगीतकाराने. आणि त्यावर नाचला गिरणी कामगाराचा पोर. रुंबा, सांबा, स्विंग ही नावे आज क्लबातला डीजे मोठ्या ऐटीत घेतो. त्यातले एकही नाव राजवाड्यात जन्मलेले नाही.

ढोलाची गोष्ट तर विशेष आहे. अमेरिकेत १७३९ साली गुलामांनी बंड केले तेव्हा ढोलाच्या आवाजावर माणसे गोळा झाली, म्हणून दुसऱ्याच वर्षी दक्षिण कॅरोलिनात गुलामांना ढोल बाळगायलाच बंदी करणारा कायदा आला. न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारच्या रविवारी काँगो चौकात तेवढी मुभा होती. आपल्याकडे उलटे! इथे ढोल आमच्या गळ्यात जबरदस्तीने अडकविला गेला. गावदेवाची पालखी असो की मालकाचे लग्न, वाजवायचे आम्ही, पंगतीला मात्र सर्वांत शेवटी, तेही बाहेर. म्हणून बाबासाहेबांच्या सांगण्यावरून कोकणातल्या आमच्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे सोडली, तेव्हा ढोलही खाली ठेवला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर तो कायमचा गेला. तिथे ढोल हिरावला म्हणून गुलाम होते, इथे ढोल वाजवावा लागला म्हणून गुलाम होते. ढोल खाली ठेवणे हा आमच्या पूर्वजांचा स्वाभिमान होता, आणि आमच्या ज्येष्ठांना वाजवण्या-नाचण्याबद्दल जी अढी आहे तिचे मूळ या स्वाभिमानात आहे. तिची टिंगल तरुणांनी करू नये.

मात्र त्या अढीत दुसरी एक अढी नकळत मिसळली आहे आणि ती आपली नाही. 'अलबेला' देशभर गाजला. गल्लोगल्ली बँडवाले ती गाणी वाजवू लागले. नेमक्या त्याच सुमारास, १९५२ साली, नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केले. कारण काय? तर पाश्चात्त्य वळणाची ही गाणी सवंग आहेत, रुची बिघडवतात, देशाला शास्त्रीय संगीताचे वळण लावायला हवे. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. पाच वर्षांनी, १९५७ साली, सरकारला विविध भारती काढून हीच गाणी परत आणावी लागली. त्याच्या थोडे आधी मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंदी आणली होती. फड बंद पडले, पोटे कुणाची मारली गेली हे आम्ही सांगायला नको. तर धांगडधिंगा, सवंग, अश्लील हे शब्द असे वरून खाली आलेले आहेत. कष्टकऱ्याचे शरीर राबते तेव्हा ते देशाची संपत्ती, आणि नाचते तेव्हा देशाला कलंक!

आणि तो नाच तरी कसा होता? त्यात उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, गुरूकडे वर्षानुवर्षे घासून घ्यावे असे काही नाही. कोपरात वाकविलेले हात, खांद्यांची लयदार हालचाल, पाऊल जेमतेम वीतभर पुढे, वीतभर मागे, कमरेला हलकासा झोका, आणि चेहऱ्यावर आपणच आपल्यावर खूश असल्याचे हसू. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत मावेल एवढाच नाच. जाखडीच्या रिंगणातला पायाचा ठेका आणि हॉटेलातल्या स्विंगचा झोका या दोहोंचे त्यात जमून गेले होते, असे आम्हाला तो पाहताना नेहमी वाटते. तो कुणालाही जमतो. लग्नातल्या मामाला जमतो, मिरवणुकीतल्या हमालाला जमतो, पाच वर्षांच्या पोरालाही जमतो. शास्त्रीय नृत्याची प्रतिष्ठा ते सगळ्यांना जमत नाही यावर उभी असते. भगवानदादांच्या नाचाची ताकद नेमकी उलट आहे. पुढे अमिताभ बच्चनपासून गोविंदापर्यंत ज्यांनी ज्यांनी ही पावले उचलली, ते कोट्यधीश झाले.

भगवानदादा मात्र झाले नाहीत, म्हणजे झाले आणि उतरले. 'अलबेला'नंतर जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला आला, आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी आल्या. हा थोडा बालिशपणा होता, पण ज्याने बालपणी ट्रामचे पैसे मोजले त्याला तो माफ आहे. १९५३ चा 'झमेला' तेवढा चालला नाही. १९५६ मध्ये किशोर कुमारला घेऊन 'भागम भाग' काढला. त्यानंतर यशाने पाठ फिरविली. मोटारी गेल्या, बंगला गेला. १९६६ मध्ये 'लाबेला' काढून जुने दिवस परत आणण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. जुहूहून माणूस परत दादरच्या चाळीत आला. मग मिळेल ते काम: गर्दीतला एक चेहरा, दोन मिनिटांचा नाच, नायकाच्या मागे उभा राहणारा म्हातारा. आपणच घडविलेली पावले दुसऱ्याच्या नावावर जमा होताना पाहायची आणि त्याच दुसऱ्याच्या चित्रपटात रोजावर कोपऱ्यात उभे राहायचे!

गीता बाली १९६५ मध्ये देवीच्या रोगाने गेल्या. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला. सिनेमातल्या गोव्याच्या वादकांपैकी बहुतेकांची नावे श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी गेले आणि त्याच महिन्यात, १८ जानेवारीला, गिरण्यांचा तो संप सुरू झाला ज्यानंतर गिरणगाव उरले नाही. भगवानदादा या सगळ्यांच्या मागे राहिले. पडत्या काळात चाळीत येऊन भेटणाऱ्यांत सी. रामचंद्र, ओमप्रकाश, गीतकार राजेंद्र कृष्ण अशी दोन-चार माणसे होती. बाकी चित्रसृष्टीला जिना चढायला वेळ झाला नाही. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा डीजेकडे येऊ. बाबासाहेबांबद्दल एक हकीकत चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. कारण त्या फडाचे वैभव पवळाबाई हिवरगावकर या आपल्या समाजातल्या स्त्रीच्या नाचण्यावर उभे होते. या हकीकतीवरून बाबासाहेब नाचगाण्याच्या विरोधात होते असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला तो पटत नाही. ज्यांनी भीमराव कर्डकांच्या जलशांना जवळ केले, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, ते कलेचे वैरी कसे असतील? त्यांचा सवाल साधा होता: शरीर कुणाचे, आणि त्यावरचा गल्ला कुणाचा? भगवानदादांच्या कहाणीलाही हाच सवाल लावा. डीजेलाही हाच लावा.

आमच्या तरुणांपैकी कितीजणांना ठाऊक आहे की, डीजे ही कलाच मुळात पददलितांची आहे? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जळक्या इमारतींच्या आणि बेकारांच्या वस्तीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी क्लाइव्ह कॅम्पबेल या जमैकाहून आलेल्या तरुणाने, जग त्याला कूल हर्क म्हणते, बहिणीच्या कार्यक्रमात एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या आणि नाचण्याजोगा तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपची सुरुवात ती. शिकागोच्या वेअरहाऊस नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय तरुण तबकड्या लावायचा, त्या क्लबाच्या नावावरून हाऊस संगीत हे नाव पडले. डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने बंद पडू लागले तेव्हा तिथल्या काळ्या पोरांनी टेक्नो घडविले. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले त्याच्या शेजारीच हार्लेम आहे. त्यांनी १९४६ मध्ये डू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आमच्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. हे नाते आम्ही पुस्तकात सांगतो आणि त्याच नात्याचा ठेका मिरवणुकीत वाजला की नाक मुरडतो, हे बरोबर नाही.

पण तरुणांनीही ऐकून घ्यावे. कूल हर्कने यंत्रे घरी जुळवली, तबकड्या वेचून आणल्या, कला स्वतः घडविली. आपण काय करतो? वर्गणीतून हजारो रुपये मोजून दुसऱ्याच्या ट्रकवरची भिंत भाड्याने आणतो, तीच चार गाणी लावतो, आणि त्या भिंतीच्या आवाजाने आपल्याच म्हातारीच्या छातीत धडकी भरते, आपल्याच तान्ह्या पोराचे कान दुखतात. त्यात आपला ठेका कुठे आहे? वामनदादांच्या शब्दांवर नवा ठेका चढविणारा, जाखडीचा मृदंग आणि शिकागोचा हाऊस एकत्र बसविणारा डीजे आपल्या वस्तीतून तयार झाला, यंत्रे मंडळाच्या मालकीची असली, आवाज माणसाला सोसेल एवढा असला, तर ज्येष्ठांच्या बैठकीत आम्ही स्वतः त्याची बाजू मांडू.

२०१६ साली भगवानदादांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले, विद्या बालन गीता बाली झाल्या. तो पाहावा. पण आमची सूचना मूळ 'अलबेला'ची आहे. यंदा जयंतीच्या आदल्या रात्री विहाराच्या पटांगणात पडदा लावून तो दाखवा, खर्च फारसा येत नाही. ज्येष्ठांना पुढे खुर्च्या द्या, पोरांना सतरंजीवर बसवा. गावशाखेची डीजेवरची बैठक त्यानंतर घ्या.